धरणाकाठच्या जमिनीसाठी प्राधिकरण होणार म्हणतात, ग्रामपंचायतीनं ठराव देण्याआधी काय बघायचं?

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे दादा बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातले. गाव घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला लागून, आजोबांची बरीचशी जमीन धरणात गेली, वरच्या अंगाला थोडी राहिली. आता गावात चर्चा अशी की जलाशयाभोवतीच्या जमिनीचा विकास करायला एक सरकारी प्राधिकरण करायचं, बाग, बोटिंग, रिसॉर्ट, रस्ते वगैरे, आणि काठावरच्या पंचायतींनी त्याला पाठिंब्याचा ठराव द्यायचा. दादा विचारतात की असलं प्राधिकरण होतं कसं, आमची राहिलेली जमीन जाणार का, आजोबांची संपादित झालेली पण कधीच न बुडालेली जमीन परत मिळेल का, आणि ठराव द्यावा की नको.

मी नगररचनेच्या कामात आहे, बेळगाव, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात मास्टर प्लॅन, लेआउट आणि भूसंपादनाच्या मोजण्या यातच बरीच वर्षं गेली. त्यामुळं सरळ सांगते, प्राधिकरण चांगलं की वाईट या वादात गावानं वेळ घालवू नये. ते कुठल्या जमिनीवर बसणार आणि त्याच्या हातात कुठले अधिकार असणार, एवढ्या दोन गोष्टींवर तुमचं सगळं अवलंबून आहे, आणि या दोन्ही गोष्टी प्राधिकरण जन्माला यायच्या आधी ठरतात. नोटिफिकेशन निघाल्यावर मोर्चा काढून हद्द सरकत नाही असं नाही, सरकते कधीकधी, पण फार महागात पडतं.

तुमच्या प्रश्नात एक माहिती नाही ती म्हणजे प्राधिकरण कुठल्या कायद्याखाली करायचं चाललंय, आणि तुमचे सर्वे नंबर पाण्याच्या पातळीपासून कुठं आहेत. या दोन्हीवर उत्तर बदलतं, म्हणून मी तुमच्या जमिनीचं हो किंवा नाही असं सांगू शकणार नाही, पण ते तुम्ही स्वतः कसं शोधायचं ते सांगते.

जलाशयाभोवतीची जमीन बघताना तिचे तीन पट्टे मनात वेगळे ठेवा. हिडकलची पूर्ण भरल्यावरची पातळी, म्हणजे आपण एफआरएल म्हणतो ती, 2175 फूट. या रेषेच्या खालची जमीन सरकारची, पावसाळ्यात पाण्याखाली, आणि पाणी ओसरेल तसं लोक तिथं पेरतात. दुसरा पट्टा एफआरएलच्या वरचा पण धरणाच्या वेळी संपादित झालेला, कॉलनीसाठी, रस्त्यासाठी, मातीच्या खाणीसाठी किंवा नुसताच सुरक्षित अंतर म्हणून घेतलेला, आणि पुढं तसाच पडून राहिलेला. तिसरा तुमच्या खाजगी मालकीचा. कागदावर तीन पट्टे स्वच्छ दिसतात, जमिनीवर मात्र सगळा गोंधळ. मोजणीला गेलं की हमखास दिसतं ते असं, की संपादनाचा हद्दीचा दगड कुणाच्या तरी बांधात गेलेला, वर चुना नाही, नंबर झिजलेला, त्याच्या दोन्ही बाजूला एकच ऊस उभा आणि कसणारा शपथेवर सांगणार की हे आमचंच. आणि आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, काढली तर मालकाच्या 9 नंबरच्या कॉलमात अजून आजोबांचं नाव, इतर हक्कांच्या 11 नंबरच्या कॉलमात 'संपादित' असा शेरा, किंवा काही ठिकाणी शेराच नाही. सरकारनं पैसे देऊन घेतलेली जमीन उताऱ्यावर शेतकऱ्याची, आणि न घेतलेली जमीन नकाशावर सरकारची, दोन्ही प्रकार सापडतात. प्राधिकरण आलं की पहिलं काम हद्द आखायचं करतं आणि त्यासाठी ते हेच जुने नकाशे उचलतं. चूक असेल तर ती चूक त्या दिवशी पक्की होते. म्हणून मी प्रत्येकाला म्हणते, आधी जॉइंट मोजणी मागा, पाटबंधारे, भूमापन आणि गाव तिघं मिळून, आणि त्याचा नकाशा पंचायतीत लावा, मग बाकीचं बोला.

आता प्राधिकरण होतं कसं. कर्नाटकात मोठे रस्ते साधारण तीन. पहिला, 1987 चा नगर विकास प्राधिकरण कायदा, आपलं बुडा, म्हणजे बेळगाव नगर विकास प्राधिकरण, त्यातलंच. सरकार नोटिफिकेशन काढतं, अध्यक्ष नेमतं, आणि त्या प्राधिकरणाला योजना करायचा, जमीन घ्यायचा, साईट (प्लॉट) पाडून विकायचा अधिकार मिळतो. दुसरा, वेगळा खास कायदा. आलमट्टीमुळं बागलकोट शहराचा मोठा भाग पाण्याखाली जाणार होता तेव्हा 1983 मध्ये बागलकोट टाउन डेव्हलपमेंट ऑथॉरिटीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यातून नवनगर उभं राहिलं. अलीकडं 2024 मध्ये सौंदत्तीच्या यल्लम्मा क्षेत्रासाठी पर्यटन विकास मंडळाचा कायदा झाला, तोही याच प्रकारातला. तिसरा, 1961 च्या नगररचना कायद्याखाली नुसतं नियोजन क्षेत्र जाहीर करायचं, म्हणजे मास्टर प्लॅन आणि बांधकामाचे नियम येतात पण ते काही स्वतः साईट पाडून विकत बसत नाही.

माझं स्पष्ट मत, जलाशयाच्या काठासाठी पहिला रस्ता चुकीचा आहे. तो कायदा शहर वाढवायला केलाय, त्याचा सगळा हिशोब साईट विकून पैसे उभे करण्यावर चालतो, आणि साईट विकायच्या तर जमीन लागते, मग अशा प्राधिकरणाला जगायचं तर तुमची जमीन घेणं भागच पडतं. त्यात एक बरं कलम आहे, 5 वर्षांत योजना बऱ्यापैकी पुरी झाली नाही तर ती रद्द पडते, पण तोवर तुमच्या उताऱ्यावर नोटिफिकेशनचा शेरा बसलेला असतो, बँक कर्ज देत नाही, वाटणी अडकते, मुलीच्या लग्नाला दोन गुंठे विकायचे म्हटलं तर गिऱ्हाईक पळून जातं. खास कायदा असेल तर निदान त्यात काय लिहायचं यावर बोलता येतं, विधानसभेत मसुदा येतो, आमदाराला धरता येतं. म्हणून तुमच्याकडं खरंच काही व्हायचं असेल तर खास कायदा किंवा नुसतं नियोजन क्षेत्र, या दोनपैकी एकच मागा.

सरकारचं काम खाजगी कंपनीच्या हातात दिलं की काय होतं ते घाटाच्या पलीकडं लोकांनी बघितलंय. पुण्याजवळ वरसगाव धरणाच्या काठावर लवासा हे खाजगी कंपनीचं शहर उभं राहिलं, 2008 मध्ये त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, म्हणजे बांधणारीही तीच आणि परवानगी देणारीही तीच. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, 2017 मध्ये तो दर्जा काढून घेतला, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कोयनेच्या काठावर नवीन महाबळेश्वरसाठी महाराष्ट्रानं रस्ते विकास महामंडळाला नियोजनाचा अधिकार दिला, सुरुवातीला 235 गावं होती. गुजरातेत सरदार सरोवराच्या भागात 2019 मध्ये स्टॅच्यू ऑफ युनिटीसाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला, तिथं आदिवासी गावांनी जमिनीवरून विरोध केला. तुमच्या गावाला यातून घ्यायचं ते एवढंच, की मसुद्यात 'अधिकार दुसऱ्या संस्थेकडं सोपवता येतील' असं वाक्य असेल तर त्याच्याखाली लाल रेघ मारा आणि विचारा, कुठल्या संस्थेकडं?

आता आजोबांच्या न बुडालेल्या जमिनीचं. हा प्रश्न आमच्या भागात प्रत्येक धरणग्रस्त घरात आहे आणि लोकांना खोटी आशा दाखवणारेही भरपूर आहेत, त्यामुळं कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. ती जमीन 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्यानं गेली. निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) झाला, ताबा गेला, पैसे मिळाले, कमी मिळाले असतील पण मिळाले, की मूळ मालकाला ती परत मागायचा हक्क त्या कायद्यात नाही. सुप्रीम कोर्टानं 1997 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलंय की उरलेली संपादित जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरावी, नाहीतर जाहीर लिलाव करावा, जुन्या मालकाला स्वस्तात देता येणार नाही. 2013 च्या नव्या कायद्यात 5 वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेत परत करायचं 101 कलम आहे, पण ते त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीला. हिडकल 1977 ला पुरं झालंय, तुमची जमीन त्यात बसवायची म्हणून कोण पैसे मागत असेल तर देऊ नका.

पण इथंच तुमच्या हातात एक खरी गोष्ट आहे. कोर्टातून जे मिळत नाही ते नवा कायदा करताना लिहून घेता येतं. प्राधिकरणाच्या हातात सगळ्यात आधी येणारी जमीन कुठली तर हीच, संपादित पण न बुडालेली. मग मसुद्यात असं कलम मागा की या जमिनीवर जे काही होईल, दुकानगाळे, पार्किंग, होम स्टे, नर्सरी, बोटीचा धक्का, त्याच्या भाडेपट्ट्यात धरणग्रस्त कुटुंबांना आणि त्यांच्या संस्थांना पहिला मान, ठरलेल्या टक्क्यानं, आणि तो पट्टा दुसऱ्याला विकता येणार नाही. मालकी सरकारचीच राहते म्हणून कोर्टाच्या निकालाला धक्का लागत नाही, आणि आजोबांच्या जमिनीवर नातवाला हक्कानं उभं राहता येतं. मला या सगळ्या प्रकरणात हीच मागणी सगळ्यात मोलाची वाटते. जमीन देऊन एक पिढी दुसऱ्याच्या शेतात रोजगाराला गेली, त्यांच्या पोरांनी त्याच जमिनीवरच्या रिसॉर्टच्या गेटवर वॉचमन व्हायचं, हे मला पटत नाही.

राहिलेली खाजगी जमीन जाणार का? जाऊ शकते. 2013 च्या कायद्यात सरकार स्वतःच्या ताब्यात ठेवायला जमीन घेत असेल तर संमती लागत नाही, पण खाजगी भागीदारी असेल तर 70 टक्के बाधित कुटुंबांची आणि खाजगी कंपनीसाठी असेल तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारायचं की रिसॉर्ट कोण चालवणार. 'ते नंतर टेंडर काढू' असं उत्तर आलं तर 70 टक्क्यांची गोष्ट टाळायचं चाललंय का हे लेखी विचारा. सामाजिक परिणाम अभ्यास होणार का तेही विचारा, कारण कर्नाटकानं 2019 मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट दिलीय. भरपाई म्हणजे बाजारभाव, त्याला ग्रामीण भागात 1 ते 2 चा गुणक, आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम. ऐकायला छान वाटतं, पण बाजारभाव काढतात मागच्या 3 वर्षांच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून, आणि आपल्याकडं खत कमी किमतीचं करून बाकीचे पैसे हातात घ्यायची सवय. ती सवय अशा वेळी सगळ्या गावाला भोवते, एकट्याला नाही.

अजून एक. 2020 मध्ये भू-सुधारणा कायद्यातली 79 ए आणि बी ही कलमं गेली, म्हणजे शेतकरी नसलेल्यालाही आता कर्नाटकात शेतजमीन घेता येते. त्यामुळं प्राधिकरणाची नुसती चर्चा उठली तरी बाहेरचे पैसेवाले काठावर जमीन बघायला येतात. तुमच्या गावात गेल्या वर्षभरात अनोळखी नावावर किती खरेदी झाल्या ते सब-रजिस्ट्रारकडं बघून या, प्राधिकरण कुणाला हवंय ते तिथंच अर्धं कळतं. आणि घाबरून विकू नका. पाव हिस्सा विकायचाच असेल तर आधी पोटहिस्सा मोजून वेगळा करून घ्या, सामाईक उताऱ्यावरचा हिस्सा विकला की पुढं भरपाईच्या वेळी भाऊबंदकी कोर्टात जाते.

आता पाणी, कारण या सगळ्याचा पाया तोच. असल्या योजनेचं प्रेझेंटेशन कधीही बघा, फोटो ऑगस्टमधला असतो, काठोकाठ निळं पाणी. ज्यांनी योजना आखायची त्यांना मे महिन्यात आणा. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्यातून वर आलेलं असतं, लोक चालत दर्शनाला जातात, आणि जिथं बोटीचा धक्का काढलाय तिथून पाणी लांब आत गेलेलं, मधे भेगाळलेला गाळ. हे धरण साधारण 51 टीएमसीचं, ते शेतीसाठी बांधलंय, उन्हाळ्यात ते रिकामं होणारच. उद्या काठावर कोट्यवधीची गुंतवणूक झाली की पाणी जरा वर धरा म्हणून दबाव येणार, आणि तिकडं कालव्याच्या टोकाचा शेतकरी शेवटच्या आवर्तनाची वाट बघत बसणार. म्हणून मसुद्यात स्पष्ट पाहिजे की पाणी सोडायचं वेळापत्रक नीरावरी निगमचंच (कर्नाटकचं पाटबंधारे महामंडळ), प्राधिकरणाचा त्यात शब्द नाही.

दुसरं, बेळगाव शहर राकसकोप जलाशयाबरोबर हिडकलचंही पाणी पितं. काठावर हॉटेलं झाली की त्यांचं सांडपाणी कुठं जाणार हा प्रश्न शहराचाही आहे, तेव्हा शहरातल्या लोकांनाही सोबत घ्या, तुमचा आवाज मोठा होतो. बरेच जण सांगतात की पाणथळ जागांचे नियम आहेत, काळजी नको. तसं नाही. 2017 च्या पाणथळ नियमांतून पिण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसानं बांधलेले जलाशय वगळलेत. पर्यावरण मंजुरी 20,000 चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर लागते, म्हणून मोठं काम तुकडे करून 19,000 चं दाखवायचा मोह होतो. काठापासून किती मीटरात काहीच बांधायचं नाही हे त्यामुळं तुमच्या कायद्यातच लिहून घ्यावं लागेल, बाहेरचा कुठला नियम ते आपोआप करणार नाही. आणि आपल्या भागाची एक अडचण वेगळीच, घटप्रभा, ताम्रपर्णी, हिरण्यकेशी या सगळ्या चंदगड-आजऱ्याकडून वाहत येतात, राकसकोपच्या वरच्या अंगाला तर तुडये हे गावच महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यात. कर्नाटकाचं प्राधिकरण सीमेपलीकडं काही करू शकत नाही. वरचं पाणी स्वच्छ ठेवायचं तर कोल्हापूर जिल्हा प्रशासनाला बैठकीत कायम जागा पाहिजे, नुसतं निमंत्रण नको.

मंडळावर कोण बसणार हेही बघा. सहसा अध्यक्ष सरकारनं नेमलेला, आमदार, डीसी (जिल्हाधिकारी), चार-पाच खात्यांचे अधिकारी, आणि 'स्थानिक प्रतिनिधी' म्हणून सरकारनंच नेमलेला कुणीतरी. काठावरच्या पंचायतींनी निवडून दिलेले सदस्य पाहिजेत, त्यातली काही जागा धरणग्रस्तांना. तिकीट, पार्किंग, बोटिंग यातला ठरलेला वाटा पंचायतीच्या खात्यात थेट. लेआउटची मंजुरी प्राधिकरणाकडं गेली की पंचायतीचं उत्पन्न आणि वजन दोन्ही कमी होतं, कचरा मात्र पंचायतीनंच उचलायचा असतो.

तर ठराव द्यावा का? माझ्या मते द्या, पण अटी घालून. थोडक्यात त्यात एवढं यावं: आधी जॉइंट मोजणी, 1987 च्या कायद्याखाली नको, पहिल्या टप्प्यात फक्त आधीच संपादित झालेली जमीन, त्यावर धरणग्रस्तांना भाडेपट्ट्याचा पहिला मान, काठावर बांधकामबंदीची रेषा, पाण्याच्या आवर्तनात हात नाही, आणि मंडळावर निवडून दिलेले सदस्य. शेवटी एक ओळ, की मसुदा मराठीतही द्यावा. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत द्यायचं केंद्राचं 1956 चं धोरण आहे, ते भांडणासाठी न काढता अर्जात शांतपणे लिहा. म्हाताऱ्या माणसाला आपल्या जमिनीची नोटीस स्वतः वाचता आली पाहिजे एवढीच ती गोष्ट आहे.

आणि पंचायतीनं समजा आधीच बिनशर्त ठराव देऊन टाकला असेल, तरी हातपाय गाळू नका. पंचायतीचा ठराव म्हणजे तुमची संमती होत नाही, 70 किंवा 80 टक्क्यांची संमती प्रत्येक कुटुंबाकडून वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. ग्रामसभेत दुसरा, अटींचा ठराव करता येतो. 2013 च्या कायद्यातली प्राथमिक अधिसूचना निघाली की 60 दिवसांत हरकत द्यायची, घरातल्या प्रत्येक हिस्सेदारानं वेगवेगळी, सोबत आरटीसी, जुन्या निवाड्याची नक्कल आणि मोजणीचा नकाशा जोडून, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडायचं नाही. निवाड्याची नक्कल घरात नसेल तर भूसंपादन अधिकाऱ्याकडं आजच माहिती अधिकारात अर्ज टाका, जुनं रेकॉर्ड शोधायला वेळ लागतो आणि ते 60 दिवस त्यात घालवायचे नाहीत.